‘जुनी वीजबिलं’ नावाची फाईल

माझ्या घरातून काहीही चोरीला गेलेलं नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे. कुलूप शाबूत, कडी शाबूत, फाईल जिथल्या तिथे. मग बाई, तुम्ही बोंब कशाची मारताय? हा प्रश्न मला कंपनीच्या पत्रानं विचारला, तिच्या वकिलानं विचारला आणि पोटच्या पोरानंही विचारला. म्हणून एकदा नीट सांगून टाकते. चोरीला गेला तो माझा एक उखाणा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी शैलजा मोहिते, राहणार मिरज. टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. ट्रंक कॉल म्हणजे काय हे आता दोन हजार चौतीस साली समजावून सांगावं लागतं. तेव्हा मिरजेहून मुंबईला बोलायचं तर मध्ये आम्ही बायका बसायचो, कानाला हेडफोन लावून, इकडची वायर तिकडच्या भोकात खुपसत. लाइन लागली का, हे ऐकून बघावंच लागायचं. कोणाचं लग्न मोडतंय, कोणाचा भागीदार पळालाय, सगळं कानावर पडायचं. पण कानावर पडलेलं ओठावर आणायचं नाही, हा आमचा धर्म होता. शेजारच्या वहिनींचा कॉल दुपारी मीच जोडून दिलेला असायचा, आणि संध्याकाळी त्या मला तीच बातमी ताजी म्हणून सांगायच्या. मी पदर तोंडाला लावून म्हणायची, “अगं बाई, हो का?” बातमी त्यांची होती, ती कधी आणि कोणाला सांगायची हे त्यांनी ठरवायचं होतं. एवढी साधी गोष्ट आम्हा दहावी-बारावी झालेल्या मुलींना कळत होती.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा विश्वजित आणि सून ऋतुजा सांगलीला राहतात. मी मिरजेच्या घरात एकटी, आणि तक्रार काही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मुकुंद चौगुले चहाला येतात. सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होते. पत्नी गेली, मुलगी परदेशात. वाचनालयात एकाच पुस्तकावर दोघांनी हात ठेवला आणि ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करता करता ओळख झाली. त्यांना साखरेचा आजार, म्हणून चहा बिनसाखरेचा. माझ्याकडे लग्नातल्या सेटचे दोन कप उरलेत आणि बशी एकच. ती त्यांना देते, मी नुसता कप घेते. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो आणि बोलतो ते पाणीपुरवठ्यावर, पुस्तकांवर, गुडघ्यांवर. बस, एवढंच.

एवढंच, पण मला त्यांच्यासाठी एक उखाणा करावासा वाटला. नवरा गेल्यावर बाईला ‘नाव घे’ म्हणून कोणी सांगत नाही. जणू जाताना तो तिची जीभही बरोबर घेऊन गेला. मला ते कायम खुपत आलंय. मी ठरवलं होतं, येत्या संक्रांतीला तिळाची वडी मुकुंदरावांच्या हातावर ठेवायची आणि उखाणा म्हणायचा. ते हसले तर हसले. गप्प बसले तर मी म्हणणार होते, अहो, गंमत केली. आणि उठून निघून गेले असते तर... त्याचाही विचार मी करून ठेवला होता. पण जे व्हायचं ते त्या दोन खुर्च्यांच्या मध्येच होणार होतं.

उखाणा जमायला महिने लागले. लॅपटॉपवर मी रोज एक ओळ खोडायची, नवी लिहायची, यमक बदलायची, परत जुनं आणायची. शेवटी झाला तो असा:

दोन कपांना एकच बशी, खिडकी अर्धी बंद,
बिनसाखरेच्या चहालाही गोडी आणतात मुकुंद.

हा मी कुठे ठेवला? आमच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडच्या बायका वरचे पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवत आल्या. कारण त्या डब्यात कोणाचा हात जात नाही. तोच धडा मी गिरवला. फाईलला नाव दिलं ‘जुनी वीजबिलं’. कोण उघडतंय? आणि माझी चूक झाली ती इथेच. माणूस डब्यावरचं नाव वाचून पुढे जातो. मशीन डबाच उपडा करतं.

त्या लॅपटॉपवर ‘सोबत’ नावाची कार्यप्रणाली होती. आताशा सगळ्यांच्याच लॅपटॉपवर, फोनवर तीच असते. ती तुमच्या सगळ्या फाइली वाचते, म्हणजे ‘तुम्हाला समजून घेते’. मी सेटिंगमध्ये जाऊन ‘समृद्ध अनुभव’ नावाचं बटण बंद केलं होतं. बटणांत माझा जन्म गेलाय, ते मला कोणी शिकवायला नको. पण दर अपडेटनंतर ते पठ्ठं परत चालू व्हायचं. मी बंद करायची, ते चालू व्हायचं. खाली कायम एक ओळ असे: ‘तुमच्या फाइली तुमच्या संगणकाबाहेर कधीही जात नाहीत.’

हे वाक्य लक्षात ठेवा. ते खरं आहे, आणि म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ऋतुजाचं डोहाळजेवण संक्रांतीच्या महिनाभर आधी आलं. सांगलीला त्यांच्या फ्लॅटमध्ये झोपाळा सजवला होता. ओटी भरणाऱ्यांच्या रांगेत मी नव्हते. ऋतुजानं हात धरून ओढलं होतं, पण तिच्या आईच्या चेहऱ्यावरचा संकोच बघून मीच मागे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मग उखाण्यांची फर्माईश सुरू झाली. हल्लीच्या मुलींना उखाणे पाठ कुठे असतात? फोनला सांगायचं, “सोबत, एक नवा उखाणा सुचव,” आणि बघून वाचायचं. तो नवऱ्याचं नाव आपोआप घालून देतो.

ऋतुजाची मावसबहीण शर्वरी उठली. नवीन लग्न झालेली, नवऱ्याचं नाव निनाद. तिनं फोन समोर धरला आणि ठसक्यात वाचलं, “दोन कपांना एकच बशी, खिडकी अर्धी बंद, बिनसाखरेच्या चहालाही गोडी आणतात मुकुंद!”

मग जे हसू फुटलं ते थांबेना.

“अगं, निनाद ना तुझा नवरा? हा मुकुंद कोण शोधलास?”

शर्वरी लालबुंद झाली. “मी नाही, ह्यानंच दिलाय! नाव बदलायलाच विसरलाय मेला.”

नंतर कळलं, विसरला नव्हता. ‘बंद’ला यमक ‘मुकुंद’ हवं, निनाद घातलं तर उखाणाच मोडतो, म्हणून मशीननं नाव तसंच राहू दिलं. काव्याची एवढी जाण, आणि लाज मात्र तोळाभरही नाही.

सगळे हसत होते. मी हसले नाही, आणि दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभा असलेला विश्वजितही हसला नाही. त्या सेटच्या बाकीच्या बशा लहानपणी त्यानंच फोडल्या होत्या. एकच उरली आणि ती मी पाहुण्याला देते, हे जगात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यानं आधी शर्वरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण त्यानं ग्लास खाली ठेवले.

पाहुणे गेल्यावर तो मला गॅलरीत घेऊन गेला.

“आई, वाचनालयातले ते चौगुले ना?”

“हो.”

“कधीपासून चाललंय हे?”

“काय चाललंय? चहा चाललाय.”

“चहाचे उखाणे करतं का कोणी? भावकीत कळलं तर काय तोंड दाखवायचं?”

“विश्वा,” मी म्हटलं, “माझी खासगी फाईल शर्वरीच्या फोनवर कशी आली, हे तुला विचारावंसं वाटत नाही?”

“ते नंतर बघू. आधी मला सांग, तू मला कधी सांगणार होतीस?”

आता याचं उत्तर सोपं नव्हतं. कारण मी अजून मुकुंदरावांनाच सांगितलं नव्हतं. ज्याच्यासाठी केला त्याच्याआधी तो उखाणा पंचवीस बायकांनी टाळ्या वाजवून ऐकला होता. मी तोंड उघडलं आणि रडूच आलं. रडू आलं की मला स्वतःचाच राग येतो, मग मी आणखी ओरडते. ती संध्याकाळ तशीच गेली.

पुढचा मंगळवार आला, मुकुंदराव आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. मी वाचनालयात गेले तर वर्तमानपत्रांच्या टेबलावर चारपाच म्हातारे बसलेले, आणि एकजण मला बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “काय मंडळी, बिनसाखरेचा चहा घेणार का?” शर्वरीला मिळाला तसाच तो उखाणा गावोगाव बायकांना मिळत होता. विनोदी म्हणून लोक एकमेकांना पाठवत होते. मिरजेच्या वाचनालयात मुकुंद एकच, आणि तो कोणाकडे चहाला जातो हे सगळ्यांना ठाऊक. ग्रंथपाल बाईंनी हळूच सांगितलं, “चौगुलेकाका पुस्तकं परत करून गेले. नवीन नाही घेतली.”

भिडस्त माणूस. औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय न देणारा. त्याला वाटलं असणार, मी त्याची टिंगल करून गावभर पसरवली. मी फोन केला तर त्यांनी उचलला नाही. आणि उचलला असता तरी फोनवर मी काय बोलणार होते? ‘सोबत’ तिथेही होतीच की, ऐकायला. संक्रांत आली नि गेली. वड्या मी केल्याच नाहीत.

ऋतुजा सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आठवा महिना लागलेला, तरी ती एकटी बस पकडून माझ्याकडे आली. विश्वजितला न सांगता. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आई, लॅपटॉप आणा. मला ती फाईल नका दाखवू. फक्त किती वेळा सेव्ह केली तेवढं सांगा.”

मी सांगितलं. ती कपाळाला हात लावून हसली.

“फाईल बाहेर गेलेलीच नाही,” ती म्हणाली. “कंपनी खोटं बोलत नाही. बाहेर जाते ती शिकवण. बघा, तुमच्या लॅपटॉपच्या आत एक छोटं मशीन बसलंय. तुम्ही चार्जिंगला लावलं की ते तुमच्या फाइली वाचतं. वाचून स्वतःच्या आतले आकडे थोडे थोडे बदलतं, जसं एखादा शब्द परत परत ऐकून आपल्याला सवयीचा होतो. मग ते कंपनीला फाईल पाठवत नाही, फक्त बदललेले आकडे पाठवतं. लाखो लोकांचे असे बदल एकत्र कालवून एक मोठं मशीन तयार होतं, आणि तेच सगळ्यांच्या फोनमध्ये परत येतं.”

“मग लाखोंमध्ये माझा उखाणा बुडून जायला हवा ना?”

“साधं वाक्य बुडतं. ‘उद्या लवकर ये’ सगळेच लिहितात. पण तुमच्यासारखं वाक्य जगात दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही. त्याला यमक आहे, आणि तुम्ही ते महिनोन्‌महिने रोज घोकून घेतलंत. वर्गात सगळी पोरं दंगा करत असली तरी एक जण रोज एकाच सुरात एकच ओळ ओरडत असेल, तर ती ओळ मास्तरांना पाठ होतेच की.”

“याच्यावर काही उपाय केलेला नाही त्यांनी?”

“केलाय. आकडे पाठवताना त्यात मुद्दाम थोडा गोंधळ मिसळतात, म्हणजे एकट्याचा आवाज ओळखू येऊ नये. पण गोंधळ जास्त झाला तर मशीन मठ्ठ होतं. इंग्रजी लिहिणारे अब्जावधी, तिथे परवडतं. मराठीत टाइप करणारे कमी. मशीनला मराठी धड येईना, म्हणून त्यांनी मराठीसाठी गोंधळ कमी केला. माझा एक विद्यार्थी तिथे आहे, त्याच्या बोलण्यातून कळलं.”

मी ताडकन उठले. म्हणजे आम्ही आमच्या भाषेत लिहितो म्हणून आमचं अंगण उघडं! इंग्रजीत उखाणा केला असता तर अब्रू राहिली असती. मला आठवत नाही मी त्या दिवशी काय काय बोलले, पण ऋतुजा पोटावर हात ठेवून म्हणाली, “आई, हळू. आतून लाथा मारतंय बाळ.”

“मारू दे. त्यालाही कळू दे.”

कंपनीला मी तक्रार पाठवली. उत्तर फार गोड भाषेत आलं. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. सदर मजकूर हा पारंपरिक लोकसाहित्याच्या धर्तीवर तयार झालेला असून तो आपल्या फाईलमधून आलेला नाही. तसा आपला दावा असल्यास पडताळणीसाठी मूळ फाईल आमच्याकडे पाठवावी.

वाचलंत? चोरानं विचारावं, बाई, तिजोरी माझ्याकडे आणून द्या, मी बघून सांगतो काही गेलंय का. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मी कोल्हापूरला डेटा तक्रार मंचाकडे गेले. विश्वजितला हे पसंत नव्हतं. “जेवढं ढवळशील तेवढा वास येणार, आई.” तरी सुनावणीच्या दिवशी गाडी काढून तोच आला. मी मागच्या सीटवर बसले होते. आरशात त्याचे डोळे दिसत होते, अगदी त्याच्या वडिलांसारखे, आणि मला कुठेतरी अपराध्यासारखं वाटत होतं. त्याचाही मला संतापच आला. मी काय केलं होतं?

मंचाच्या अध्यक्षा निंबाळकर बाई, कडक आणि थकलेल्या. कंपनीचे वकील पारसनीस, गुळगुळीत दाढी आणि त्याहून गुळगुळीत बोलणं. मागच्या बाकांवर इतर प्रकरणांची माणसं आपापल्या पाळीची वाट बघत बसलेली.

पारसनीसांनी विचारलं, “मोहिते मॅडम, हा उखाणा आपला आहे असं आपण म्हणता. मग सदर मुकुंद हे आपले कोण लागतात?”

मागे कोणीतरी खाकरलं. मला कळलं, खरी मेख इथे आहे. चोरी सिद्ध करायची तर चोरीचा माल चव्हाट्यावर मांडून ‘हा माझा’ म्हणायचं. नाही म्हटलं तर प्रकरण संपलं. मी विश्वजितकडे बघितलं नाही.

“ते माझे कोण, हे मला त्यांना विचारायचं होतं,” मी म्हटलं. “संक्रांतीला. माझ्या घरी, माझ्या तोंडानं. तुमच्या मशीननं ते माझ्याआधी अख्ख्या महाराष्ट्राला विचारून टाकलं. आता ते माझ्याकडे येत नाहीत. मला सांगा वकीलसाहेब, फाईल जागेवर आहे, पण ही गोष्ट परत जागेवर कशी ठेवणार तुम्ही?”

पारसनीस कागद चाळत म्हणाले, “भावनिक मुद्दा समजतो. पण तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य आहे.” त्यांच्या शेजारचा कंपनीचा इंजिनीअर मान हलवत होता.

“अशक्य असेल तर करून बघू,” मी म्हटलं. ऋतुजानं मला पढवून ठेवलंच होतं. “लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावून देतात ना? लाच घेणाऱ्याचे हात धुतले की पाणी गुलाबी होतं. मी तसा एक उखाणा लिहिते, पावडर लावलेला. बाईंनी एक नाव सांगावं, जगात कोणाचं नसलेलं.”

निंबाळकर बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. त्यांनी छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, “चिमटेश्वर.”

इंजिनीअर वकिलाच्या कानात काहीतरी बोलला. दोघांनीही हसून होकार दिला. ठरलं असं: नाव चिमटेश्वर, बाकीचा उखाणा मी घरी करायचा आणि कोणालाही सांगायचा नाही. मंचानं नेमलेला तज्ज्ञ येऊन माझी फाईल आणि तिच्या तारखा तपासून जाईल आणि तोंड बंद ठेवेल. पुढचा अपडेट येऊन गेला की सुनावणी.

घरी येऊन मी ‘गॅसच्या पावत्या’ नावाची फाईल उघडली आणि पूर्वीसारखीच रोज लिहायला, खोडायला बसले. या वेळी त्या ओळींमागे कोणी नव्हतं. नुसता राग होता. रागानं यमक फार चांगलं जुळतं.

मधल्या काळात ऋतुजाला मुलगी झाली. दवाखान्यात बाळाला मांडीवर देताना विश्वजित माझ्याकडे न बघताच म्हणाला, “आई, त्या दिवशी वकिलानं विचारलं तेव्हा मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. मग वाटलं, गॅलरीत मी पण तोच प्रश्न विचारला होता की.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात माफी अशीच मागतात.

दुसऱ्या सुनावणीला निंबाळकर बाईंनी कोणालाही काही न विचारता स्वतःचा फोन टेबलावर ठेवला.

“सोबत, मिरजेवरचा एखादा विनोदी उखाणा सुचव.”

फोन गोड आवाजात म्हणाला, “नक्कीच! म्हशीनं मांडी घातली मिरजेच्या सतारीवर, सूर हरवला म्हणून रुसले आमचे...”

आणि थांबला. पुढे काही नाही. बाईंनी परत विचारलं. परत तेच: म्हैस, सतार, सूर, आमचे, आणि शांतता. मग त्यांनी पारसनीसांचा फोन मागवून घेतला. त्याची म्हैसही सतारीवर बसली आणि नावापाशी येऊन अडली. जुन्या काळची सून जशी नवऱ्याचं नाव आलं की पदराआड तोंड लपवायची, तसा तो फोन लाजत होता.

बाईंनी तज्ज्ञाला माझी फाईल वाचायला सांगितली. त्यानं चष्मा सारखा केला आणि गंभीरपणे वाचलं:

म्हशीनं मांडी घातली मिरजेच्या सतारीवर,
सूर हरवला म्हणून रुसले आमचे चिमटेश्वर.

मागचे बाक हसून लोळले. मी नाही हसले. पारसनीस उठून म्हणाले, “हा योगायोग असू शकतो.”

“वकीलसाहेब,” निंबाळकर बाई म्हणाल्या, “म्हैस एक वेळ योगायोगानं सतारीवर बसेल. पण चिमटेश्वर हे नाव गाळायचं, हे तिला कोणी सांगितलं? नाव या खोलीत उच्चारलं होतं. तुम्हाला तेवढंच माहीत होतं, म्हणून तेवढंच तुम्ही दाबलंत. उखाणा तुम्हाला माहीत नव्हता, तो निसटला. बाहेर येणं अशक्य होतं, तर दाबलंत कशाला?”

इंजिनीअर समोरचे कागद गोळा करायला लागला.

निकाल माझ्या बाजूनं लागला. कंपनीला दंड झाला, माफी मागायला लावली, बटण बंद म्हणजे बंदच राहील अशी सक्ती झाली. वर्तमानपत्रात म्हशीचं चित्र आलं. पण माझा पहिला उखाणा काढून टाका म्हटल्यावर कंपनीनं हात वर केले. ऋतुजानं सांगितलं होतंच, पिठात मळलेलं मीठ परत वेगळं काढता येत नाही. फार तर वरून झाकता येतं. त्यांनी झाकलं. म्हणजे ‘मुकुंद’ तेवढं गाळलं. बाकीचे दोन कप, एक बशी, अर्धी खिडकी अजून तुमच्या फोनमध्ये आहेत. कोणीही मुलगी माझ्या खिडकीत आपला नवरा बसवू शकते. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या जिभेवर तो शब्द येत नाही.

निकालानंतरच्या मंगळवारी दुपारी बेल वाजली. मुकुंदराव दारात उभे होते, हातात कापडी पिशवी. ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “येऊ का?”

मी बाजूला झाले. ते नेहमीच्या खुर्चीवर बसले. मी आधण ठेवलं, साखरेचा डबा काढलाच नाही. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बशी काढून टेबलावर ठेवली. माझ्या सेटची नव्हती, निळ्या काठाची होती.

बशी बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. “म्हणजे फोनवरचं ऐकून आणलीत तुम्ही ही.”

“नाही,” ते म्हणाले. “फोनवरचं ऐकलं तेव्हा मी घरात कडी लावून बसलो. वाटलं, मशीननं केलेली कोणाची तरी थट्टा आहे, आणि मी उगाच... कोल्हापूरला पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. खाकरलो तो मीच. तुम्ही म्हणालात ना, मला त्यांना विचारायचं होतं, ते ऐकलं. तुमच्या तोंडून ऐकलं. पण प्रकरण चालू होतं, म्हटलं आपण आता गेलो तर वकिलाला आणखी खाद्य. म्हणून थांबलो.” मग बशी माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “विचारायचं राहिलंय का अजून? की तेवढ्यावरच मिटलं?”

मी उठले. त्यांचा फोन मागून घेतला, माझाही घेतला. फडताळातून तुरीच्या डाळीचा स्टीलचा डबा काढला, दोन्ही फोन बंद करून डाळीत खोल खुपसले आणि झाकण गच्च बसवलं. लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि दार ओढून घेतलं. मुकुंदराव हसत होते.

मग मी दोन कप दोन बशांत ठेवले आणि त्यांच्यासमोर उभी राहून उखाणा म्हटला. नवा. कधीही कुठे न टाइप केलेला, कागदावर न उतरवलेला, चिमटेश्वरासाठी म्हणून रोज लॅपटॉपसमोर बसायचे तेव्हा दुसऱ्या मनात करून ठेवलेला. त्यात नाव होतं. पूर्ण, मुकुंदराव चौगुले.

तो मी इथे लिहिणार नाही. ही हकिगत मी त्याच लॅपटॉपवर टाइप करतेय, आणि कंपनीनं मागितलेल्या माफीवर माझा काडीचा विश्वास नाही. मुकुंदरावांनी काय उत्तर दिलं तेही लिहिणार नाही. ते आम्हा दोघांना ठाऊक आहे आणि तिसऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही.

तुमच्या फोनलाही ते ठाऊक नाही. खोटं वाटत असेल तर विचारून पाहा त्याला.